काहीच न करण्याचं शिक्षण

प्रयागताईंनी डूला व्हायचं ठरवलं तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही, कारण डूला म्हणजे काय हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. घरात म्हणजे तरी कोण, दोघंच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या प्रयागताई आणि त्यांच्याही आधी सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन नांदेडच्या घरात पेपर वाचत बसलेले शेषेराव.

"म्हंजे सुईण?" शेषेरावांनी पेपरामागून विचारलं.

"सुईण बाळ काढते. डूला काढत नाही."

"मंग नर्स?"

"नर्स इंजेक्शन देते. डूला देत नाही."

"मंग करते काय?"

"बाईला कळा सुरू झाल्या की तिच्याजवळ बसते. हात धरते, पाठ चोळते, धीर देते."

"म्हंजे काहीच करत न्हाई."

"हाव," प्रयागताई ठसक्यात म्हणाल्या. "आणि त्याचं ट्रेनिंग असतंय."

आता मात्र शेषेरावांनी पेपर खाली घेतला. उभा जन्म सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला, काहीच न करण्याचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं ही बातमी नवीन होती.

या खुळाचं मूळ पुण्यात होतं. त्यांचा मुलगा हरिओम आणि सून सृष्टी तिथं नोकरीला. सृष्टीला दिवस गेले होते. एका संध्याकाळी फोनवर इकडचं तिकडचं बोलता बोलता ती एकदम म्हणाली, "मम्मी, मला दुखण्याची भीती नाही वाटत. तिथं आत एकटं पडायची वाटते."

हरिओमच्या वेळचा दवाखाना प्रयागताईंना आठवला. हातात खाटेचा लोखंडी गज, डोक्याशी खेकसणारी आया, आणि दाराबाहेर बसलेली आई. आईला आत सोडलं नव्हतं. दार एवढंसं, पण दिवसभर ते काही उघडलं नाही. ते आठवलं आणि पुढचामागचा विचार न करता त्यांच्या तोंडून शब्द गेला, "एकटी कामून पडशील? मी असेन की!"

आता मराठवाड्यातल्या कुठल्याही शहाण्या बाईला विचारा, पहिलं बाळंतपण कुठं असतं? माहेरी. सृष्टीचं माहेर लातूरला. सासूने तिथं जायचं ते बाळ झाल्यावर, रीतसर बोलावणं आल्यावर, कुंची, अंगडी, वाळे घेऊन, बारशाला. त्याआधी दारात उभं राहिलं की त्याचा सरळ अर्थ होतो, तुमच्या लेकीचं बाळंतपण तुम्हाला झेपायचं नाही. लढाया याहून लहान कारणावरून झाल्या आहेत. पण शब्द तर देऊन बसल्या होत्या, आणि वर्गात एकदा सांगितलेलं मागे घ्यायची प्रयागताईंना सवय नव्हती. मग त्यांनी अशी अक्कल लढवली की आपण नुसत्या सासू म्हणून जायचंच नाही. प्रशिक्षण घेतलेली बाई म्हणून जायचं. प्रशिक्षणापुढे विहीण काय बोलणार?

नांदेडात असं शिकवणारी एक मुलगी निघाली. लुंबिनी तिचं नाव. शिकलेली नर्स, बोलायला मऊ, आणि औषधाच्या दुकानावरच्या खोलीत शनिवार-रविवार तिचा वर्ग. प्रयागताई नवी वही, दोन पेनं आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी-भाकरी घेऊन पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. तिथं बाक नव्हते, सतरंजी होती, पण त्या बसल्या पहिल्या बाकावरच्यासारख्याच.

लुंबिनीचा पहिला धडा होता, कमी बोला. दुसराही तोच होता.

"बाईला कळ येते तेव्हा तिला प्रश्न विचारायचे नाहीत," ती म्हणाली. "सल्ला द्यायचा नाही. तुमच्या मावशीचं काय झालं होतं ते सांगायचं नाही. ती मागेल ते द्यायचं, नाही मागितलं तर नुसतं जवळ असायचं."

मग जोड्या लावून सराव झाला. प्रयागताईंच्या वाट्याला एक गोल चेहऱ्याची बाई आली. ती कळ आल्याचं सोंग करून कण्हायला लागली. प्रयागताईंनी तिचा हात धरला, पाठीवरून हात फिरवला, सगळं अगदी सांगितल्यासारखं. आणि मग त्यांच्यातला माणूस जागा झाला.

"कुठल्या गावच्या म्हणायच्या तुम्ही?"

"धर्माबादच्या," ती कण्हत म्हणाली.

"अगं माय! माझं माहेर धर्माबाद! कुणाच्यातल्या?"

कळ राहिली बाजूला. मिरचीच्या अडतीपर्यंत बोलणं गेलं, तिथून एका लग्नापर्यंत, आणि दोघी एकमेकींच्या लांबच्या मावसबहिणी निघाल्या. आनंदाने त्या बाईचे डोळे भरून आले. लुंबिनी शांतपणे म्हणाली, "प्रयागताई, बाळ झालं, तुम्हाला कळलं का?"

पुढच्या आठवड्यात त्या श्वासाच्या व्यायामात जोडीदारणीला "पाठ सरळ, लक्ष फळ्याकडे" असं म्हणाल्या. फळा तिथं नव्हता. "ताई, ही परीक्षा नाही," लुंबिनी म्हणाली. "तिला उत्तर यायची गरज नसते." प्रयागताईंनी हे वाक्य वहीत सुवाच्य अक्षरात लिहून खाली रेघ मारली. ते अमलात आणायचं मात्र राहूनच जात होतं. पस्तिशीच्या पोरीने आपल्याला गप्प बसवावं याचं त्यांना लागायचंही, पण चूक काढता येत नव्हती, म्हणून जास्त लागायचं.

घरी सरावाला शेषेराव होते. कळा सोसणाऱ्या बाईला बसायला एक मोठा रबरी चेंडू वापरतात. तो प्रयागताईंनी विकत आणला, पंपाने फुगवला आणि बैठकीच्या खोलीत ठेवला. खोली निम्मी भरली.

"बसा," त्या म्हणाल्या.

"मी कामून?"

"बाई कुठून आणू सरावाला?"

शेषेराव बसले. सवय नसलेला माणूस त्या चेंडूवर बसला की चेंडू स्वतःचा विचार करायला लागतो. तो खिडकीकडे निघाला. प्रयागताई मागून शेषेरावांच्या कंबरेला धरून "सोडा श्वास, सोडा" असं ओरडत होत्या, शेषेराव "मला सोड आधी" म्हणत होते, आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारचे अमृतराव साखर मागायला आत आले.

अमृतराव हे कॉलनीचं चालतंबोलतं मार्गदर्शन केंद्र. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकही विषय सोडला नव्हता. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "याला शासनमान्यता हाय का?"

"हात धरायला शासनमान्यता?"

"वैनी, तसं न्हाई. उद्या काही झालं तर जिम्मेदारी कुणाची? आमच्या पोरीच्या वेळेला आम्ही काय केलं? मुहूर्त काढला, डॉक्टरला सांगितला, त्या वेळेवर ऑपरेशन. पोरगं राजयोगावर आलं. कुणाचा हात नको, कुणाचा पाय नको."

"आणि काय करतोय राजा?" शेषेराव जमिनीवरून म्हणाले.

"सध्या तिसरीत हाय. दोनदा शाळा बदलली," अमृतराव म्हणाले आणि साखर घेऊन गेले. पण दाराशी थांबून त्यांनी एक कामाची गोष्ट विचारली. "विहीणबाईंना इचारलं का?"

विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी प्रयागताईंनी धीर करून लातूरला फोन लावला. सृष्टीची आई सिद्धम्मा मूळची निलंग्याकडची. बोलायला लागली की मध्ये कानडी यायचं, आणि रागावली की मराठी संपून नुसतं कानडीच उरायचं. प्रयागताईंनी प्रशिक्षण, श्वास, चेंडू असं सगळं समजावलं आणि शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखं, "तर मी आठ दिवस आधीच येते" असं म्हटलं.

पलीकडे एक भांडं आदळलं.

"आमच्यात काय कमी पडलं जी?" सिद्धम्माचा आवाज आला.

"छे छे, कमी कुठं—"

"बाळंतशेपा आनून ठिवल्या. डिंक आनला, खारका आनल्या. लातुरातली चांगल्यातली चांगली डॉक्टरीन बगितली. माझ्या लेकीचं बाळंतपन मी न्हाई करनार तर कोन करनार? ल्योक तुमचा हाय, मान्य. पन लेक माझी हाय का न्हाई? अय्यो, आता आईला शिकवायला वर्ग निगाले!"

त्यानंतरचं मराठी नव्हतं.

मग ते प्रकरण वरच्या पातळीवर गेलं. व्याही शंकरप्पांचा शेषेरावांना फोन आला. दोघांनी पाऊसपाण्याची, सोयाबीनच्या भावाची चौकशी केली, एकमेकांची काहीच नाराजी नाही असं तीनतीनदा सांगितलं आणि मूळ विषयाला हात न लावता फोन ठेवला. हरिओम पुण्याहून आईला म्हणाला, "मम्मी, तू नको ना जाऊ." सासूला म्हणाला, "येऊ द्या ना त्यांना." शहाणा नवरा म्हणून दोन्हीकडून बोलणी खाऊन तो आपल्या कामाला लागला. सृष्टी तोवर सातव्याची ओटी भरून लातूरला येऊन राहिली होती. तिने प्रयागताईंना एवढंच विचारलं, "मम्मी, तुम्ही म्हणाला होतात ना?" त्या दिवशी प्रयागताईंना जेवण गेलं नाही.

डॉक्टरांनी दिलेली तारीख जवळ आली तशी त्यांनी युक्ती काढली. मुरुडला त्यांच्या चुलतभावाने घर बांधलं होतं. त्याच्या वास्तुशांतीला म्हणून निघायचं, वाटेत लातूर लागतंच, सहज डोकावायचं. वास्तुशांत मागच्याच महिन्यात होऊन गेली होती ही एक बारीकशी अडचण होती.

दुसरी अडचण जाडजूड होती. चेंडूतली हवा निघेना. बूच इतकं घट्ट बसलं होतं की शेषेरावांनी पकड लावली, अमृतरावांनी दात लावले, शेवटी बुचाचं डोकं तुटून हातात आलं. त्यामुळे प्रयागताई लातूरच्या एसटीत शिरल्या त्या फुगलेल्या चेंडूसकट.

"मावशी, ह्ये लगेज हाय का लेकरू?" कंडक्टर म्हणाला.

"चेंडू आहे, बाळंतपणाचा."

कंडक्टरने एकदा चेंडूकडे, एकदा त्यांच्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं आणि तिकीट फाडलं. चेंडू मांडीवर घेतला तर समोरचं दिसत नव्हतं, शेजारी ठेवला तर लोक भांडत होते. ब्रेक लागला की तो ड्रायव्हरपर्यंत जायचा आणि अख्खी एसटी तो हातोहात मागं पाठवायची. लातूर येईतो निम्म्या गाडीला सृष्टीच्या तब्येतीची काळजी लागली होती, आणि उतरताना एक म्हातारी म्हणाली, "सुखरूप सुटू दे गं माय तुजी सून." प्रयागताईंना फार बरं वाटलं.

दार सिद्धम्मानेच उघडलं. तिने विहीणबाईंकडे पाहिलं, मग चेंडूकडे.

"मुरुडला निघाले होते," प्रयागताई म्हणाल्या. "वास्तुशांतीला. म्हटलं सहज—"

"मुरुडात कुनाची वास्तुशांत हाय?"

"माझ्या चुलतभावाची."

"ती तर झाली की. माझी बहीन तितंच दिलीय. जेवून आली ती." सिद्धम्माने बोट दाखवलं. "आन् ह्यो आहेर का?"

प्रयागताई मान खाली घालून उभ्या राहिल्या. पण गंमत बघा, विहीण दारात आली की राग आला तरी रीत सुटत नाही. सिद्धम्माने रागारागाने पायावर पाणी घातलं, रागारागाने हळदीकुंकू लावलं आणि रागारागाने पुरण शिजत घातलं. प्रयागताईंनी "जेवण नको, सृष्टीला भेटते" म्हटलं तर ती म्हणाली, "विहीन उपाशी गेली म्हनून गावभर करायचंय का?" मग पुरण वाटायला मदत करू की नको यावरून झालं, प्रयागताईंची सुंठ घालावी की सिद्धम्माचं जायफळ यावरून झालं, आणि तिथून विषय हळूहळू, आमच्यात असं नसतं बाई, या नेहमीच्या मुक्कामाला आला.

आतल्या खोलीचं दार उघडलं. चौकट धरून सृष्टी उभी होती. कपाळ घामाने डबडबलेलं.

"तुमचं दोघींचं झालं असेल," ती हळूच म्हणाली, "तर दवाखान्यात जाऊ या का? मला मघापासून कळा येतायत."

दोघी एकदमच ओरडल्या. पुरण वाटायचंच राहिलं.

दवाखान्यात खिडकीमागच्या पोराने नियम सांगितला, आत एकच बाई. तिच्या नावाचा पास. चेंडू बाहेर. पास अर्थातच सिद्धम्माच्या नावाने निघाला. प्रयागताई "मी डूला आहे" म्हणाल्या तेव्हा पोराने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं की नात्यांमध्ये हे नातं नाही.

सिद्धम्मा दिमाखात आत गेली. प्रयागताई बाहेरच्या बाकावर शंकरप्पांशेजारी बसल्या. बंद दारातून फक्त सिद्धम्माचा आवाज येत होता. "असं न्हाई गं, तसं! जोर कर! आत्ता नको करू! देवाचं नाव घे! पानी पी! पानी नको पिऊ!" थोड्या वेळाने दार उघडलं आणि सिद्धम्मा बाहेर आली. चेहरा पडलेला.

"मला म्हन्ली, अव्वा, तू बाहेर जा."

प्रयागताईंना वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगा, वाईट वाटायच्या आधी एक क्षण बरंच बरं वाटलं. त्यांनी अर्ज लिहून पास बदलून घेतला, पदर खोचला आणि आत शिरल्या. शनिवार-रविवारच्या सगळ्या वर्गांचं आता सार्थक होणार होतं. त्यांनी सृष्टीचा हात धरला. मग तोंड उघडलं.

"हं, आता चारपर्यंत श्वास आत. एक, दोन... सृष्टी, लक्ष कुठंय तुझं? पुन्हा करू. खांदे सैल. असे नाही, मी दाखवते असे—"

"मम्मी," सृष्टी दात आवळून म्हणाली, "तुम्ही पण जा."

तर असा न्याय झाला. बाकावर एका टोकाला सिद्धम्मा, एका टोकाला प्रयागताई, मध्ये शंकरप्पा. शंकरप्पांना मधली जागा सोसेना, ते उठले आणि बसायला दुसरं काही नाही म्हणून भिंतीशी ठेवलेल्या चेंडूवर जाऊन बसले. हरिओम पुण्याहून निघाला होता, पण अजून निम्म्या वाटेतच होता. आत सृष्टी कण्हत होती. एकटी. ज्याची तिला भीती होती, जे होऊ देणार नाही असं प्रयागताईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, तेच झालं होतं, आणि ते दोघींनी मिळून केलं होतं.

"मी लई बोलले," सिद्धम्मा समोर बघत म्हणाली. "भ्याव वाटून राह्यलं ना. गप बसले की वाटतंय लेकरू हातातनं जाईल."

प्रयागताईंचा सगळा ताठा त्या वाक्यासरशी विरघळला. "मी पण भ्यालेच होते," त्या म्हणाल्या. "भ्याले म्हणून शिकवायला लागले."

दार किलकिलं झालं. सिस्टर वैतागली होती. "पेशंट रडून राहिली. कुणीतरी एक या आत. पण ती म्हणते, बोलणारं माणूस नको."

पास प्रयागताईंच्या नावाचा होता, त्यांच्या हातात होता. त्या उठल्याही. आता चुकायचं नाही हे त्यांना पक्कं कळलं होतं, ओठ शिवल्यासारखे मिटून त्या तासन्‌तास बसल्या असत्या. यासाठीच तर सगळं केलं होतं. शब्द दिला होता. तेवढ्यात त्यांची नजर सिद्धम्माच्या हाताकडे गेली. जाताना लेकीने केस बांधायचं रबर तिच्याकडे दिलं असावं. ते तिने मुठीत आवळून धरलं होतं.

लोखंडी गज धरून त्या दिवशी आपण कुणाला हाक मारली होती, ते प्रयागताईंना आठवलं.

"विहीणबाई, तुम्ही जा," त्या म्हणाल्या.

"मी? माझ्यानं गप बसवतंय का?"

"तुमच्या चंचीत सुपारी आहे का?"

सिद्धम्माने कंबरेची चंची सोडली. प्रयागताईंनी त्यातली अख्खी सुपारी, न कातरलेली, उचलली. "ही तोंडात धरा. चावायची नाही. बोलावंसं वाटलं की हिला या गालातून त्या गालात न्या. काही सांगू नका, काही विचारू नका. तिला उत्तर यायची गरज नसते. ती हात दाबेल, तुम्ही दाबू द्या. बस्स."

पास परत बदलायला त्या खिडकीशी गेल्या. "लेबर रूम हाय का एसटीचं रिझर्वेशन?" पोरगा करवादला, पण प्रयागताईंचा चेहरा बघून त्याने अर्ज मागितला नाही. सिद्धम्मा गालात सुपारी धरून आत गेली आणि दार लागलं.

या वेळी आतून तिचा आवाज आला नाही. फक्त सृष्टीचा येत होता, कधी कण्हण्याचा, कधी ओरडण्याचा, आणि मध्ये मध्ये नुसत्या श्वासाचा. प्रयागताई दाराशेजारी उभ्या होत्या. बाहेर बसणं किती अवघड असतं हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. आत आपण सोसत होतो आणि आई बाहेर आरामात होती, असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, पण कुठं तरी वाटत आलं होतं. आता आई असती तर तिच्या पाया पडले असते, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले. इतक्यात मागून धप्प आवाज झाला. शंकरप्पा चेंडूवरून घसरले होते. प्रयागताईंनी त्यांना उठवलं, बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि काही न बोलता त्यांच्या शेजारी बसून राहिल्या.

उन्हं कलायला लागली तेव्हा आतून बाळाचं रडणं आलं.

सिद्धम्मा बाहेर आली. सुपारी अजून गालातच होती. तिने आधी ती काढली, पदराला हात पुसला आणि मग म्हणाली, "पोरगी झाली." हातावर सृष्टीच्या नखांचे लाल वण उठले होते. पाटल्या दाखवाव्यात तसा तो हात तिने प्रयागताईंपुढे धरला.

"तुम्हाला इचारली ती," सिद्धम्मा म्हणाली. "मम्मी कुठंय म्हनून. बोलायचं न्हवतं, मी मानेनंच दाराकडं दावलं. तर म्हन्ली, दारात हायत न्हवं, मग असू दे."

प्रयागताईंना पुढचं काही दिसेना. त्यांना बारशापर्यंत लातुरातच ठेवून घ्यायचं सिद्धम्माने जाहीर केलं. पुरण अजून तसंच होतं म्हणे, आणि त्यात जायफळच पडणार होतं.

फोन लावला तर शेषेरावांनी पहिल्याच रिंगला उचलला. बाजूला अमृतरावांचा श्वास ऐकू येत होता. नात झाल्याचं कळल्यावर दोघांनी तिकडं आरडाओरडा केला, आणि मग शेषेरावांनी विचारलं, "आन् तू? तू काय केलंस?"

"काहीच नाही," प्रयागताई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

शेषेराव हळूच म्हणाले, "म्हंजे शिकलीस म्हनायची."